बाबांनी चालवली की गाडीला धाप लागते

गाडी धुवून आणू नका. हे वाक्य मी गॅरेजच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं आहे, मराठीत आणि हिंदीत. जरीपटक्यात माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते वाचतं, हसतं आणि चकाचक धुतलेली गाडी आत घेतं. डॉक्टरकडे जाताना माणूस अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जातो ना, तसंच. अहो, पण डॉक्टरला तुमच्या अंगाचा मळ नको असतो, मला गाडीचा हवा असतो. ऑइल कुठून झिरपलं, काजळी कुठे बसली, धूळ कोणत्या फटीतून शिरली, हे त्या मळावरूनच कळतं. ते सगळं तुम्ही पाण्याचा फवारा मारून पुसून टाकता आणि वर मलाच विचारता, "काकू, काय झालं असेन?"

दुसरं एक वाक्य दारावर लिहायचं होतं, ते लिहिलं नाही. खरं बोला. लिहून उपयोग काय? नागपुरात गाड्या आपोआप बिघडतात. "काहीच नाही केलं जी, आपोआपच झालं." एका गृहस्थानं एअर फिल्टरच्या तोंडाशी कूलरची वुडवूल, म्हणजे लाकडाचं गवत, कोंबून ती पाण्यानं भिजवली होती. कूलर घर थंड करतो, तर इंजिनलाही थंड हवा मिळेल, हा हिशोब. ओला लगदा मी चिमट्यानं ओढून बाहेर काढला, त्याच्या हातावर ठेवला, तरी तो म्हणतो, "हे कुठून आलं?" मी तो लगदा धुवून, वाळवून माझ्या कूलरला लावला.

तर हे गाडीचं काम मी कोणत्या शाळेत शिकले नाही. आमचे हे टेम्पो चालवायचे. टेम्पो दारात बंद पडला की मिस्त्रीची वाट बघत हे खाटेवर बसायचे, आणि मिस्त्री काही यायचा नाही. एक दिवस कंटाळून मीच पाना हातात घेतला. उघडताना कोणता नट कुठला ते लक्षात राहावं म्हणून स्वयंपाकघरातल्या वाट्या मांडल्या, एकेका वाटीत एकेक जागचे नट. ती सवय अजून आहे. आमचे हे गेले, टेम्पोही गेला, वाट्या तेवढ्या राहिल्या.

आता ज्यांना इंजिनातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लोकांना वाटतं गाडी डिझेल खाते. खरं तर ती हवा खाते, डिझेल तोंडी लावायला. चमचाभर डिझेल नीट जाळायचं तर निदान तीन-चार बादल्या भरतील इतकी हवा लागते. ती हवा जाळीतून, म्हणजे फिल्टरमधून, गाळून पाइपानं आत येते. टर्बो असला तर तो गाडीच्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा समजा, तो हवा आणखी ओढून आत दाबतो. या वाटेत कुठे अडलं की इंजिनला धाप लागते. डिझेल अर्धवट जळतं, मागून काळा धूर निघतो, पिकअप मरतो. आणि गंमत अशी की गाडी उभी असताना काही कळत नाही. खाटेवर पडलेल्या माणसाचा दमा दिसत नाही, जिना चढायला लावा म्हणजे दिसतो. म्हणून गाडी गॅरेजात उभी करून नुसती गुरगुरवणारे मिस्त्री मला आवडत नाहीत.

उमरेडचा विशाल माझ्याकडे आला तो असाच दोन ठिकाणी फिरून. एकानं त्याला डिझेलचा पंप खराब सांगितला होता, दुसऱ्यानं टर्बो. गाडी जुनी, मोठी, डिझेलची, आणि अर्थातच धुतलेली. इंजिनसुद्धा धुतलेलं.

"काय होते?" मी विचारलं.

"काकू, मी चालवली तर काहीच होत नाही. बाबा चालवतात तेव्हाच दम तोडते."

"मग बाबा बदल गा."

तो हसला नाही. तेव्हा मी पाना खाली ठेवला आणि त्याला स्टूल दिलं.

त्याच्या आईच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा उमरेडहून नागपूरला डायलिसिसला आणावं लागायचं. विशाल नागपुरातच एका गोदामात कामाला, पहाटेच निघतो, त्याला त्या दिवशी सुट्टी मिळत नाही, म्हणून वडील आणायचे. मागच्या खेपेला शहरात शिरताना उड्डाणपुलाच्या चढावर गाडी बैलगाडीसारखी चालायला लागली. मागे ट्रकांचे भोंगे, काळा धूर, आत ही बाई. पोचायला उशीर झाला, तोवर तिच्या जागी दुसरा पेशंट घेतला होता. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली, पाय सुजलेले. घरी आल्यावर बाप म्हणाला, तू गाडीचं वाटोळं केलं. पोरगा म्हणाला, तुम्हाले गिअर बदलता येत नाही. आणि आई म्हणाली, "मी आता जात नाही. जे व्हाचं ते होऊ द्या."

"अन् आई खरंच नाही जाणार, काकू," विशाल म्हणाला. "तिनं एकदा म्हटलं म्हणजे म्हटलं."

मी बॉनेट उघडलं आणि माझं डोकं तापलं. कंपनीचा फिल्टरचा बंद डबा गायब. त्याच्या जागी शंकूसारखा उघडा फिल्टर, पोरं त्याला कोन म्हणतात, लाल रंगाचा, इंजिनच्या गरम कुशीत नागडा बसवलेला. टर्बोपर्यंत निळा रबरी पाइप. पंप कसून डिझेल वाढवलेलं.

"घरात पेशंट आहे अन् तू गाडीले पहिलवान बनवून राहिला?"

"आई आजारी पडाच्या आधी केलं जी."

त्याचं तोंड एवढंसं झालं. पुढचं मी पोटातच ठेवलं.

अशा वेळी मी माझी नळी काढते. गवंडी दोन भिंतींची पातळी बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात ना, तीच. आमच्या गल्लीत बांधकाम चालू होतं तेव्हा एका गवंड्याकडून मागून घेतली होती. तिच्यात होळीचा उरलेला रंग कालवलेलं पाणी घालते आणि पाळण्यासारखी लोंबती बांधते. एक टोक मोकळं, दुसरं फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपाला जोडलेलं. इंजिनला हवा सहज मिळत असेल तर दोन्हीकडचं पाणी जवळपास सारखं राहतं. श्वास ओढताना त्याला जोर पडला की त्याच्या बाजूचं पाणी वर चढतं. जितकं चढलं तितकी अडचण मोठी. नळी मात्र भरपूर लांब घ्यावी, नाहीतर ते पाणीच इंजिनात जाऊन बसेल.

नळी खिडकीतून आत घेतली, समोर बांधली आणि विशालला कामठी रोडवर गाडी पळवायला लावली. पळवली त्यानं, हौसेनं पळवली. पाणी दोन बोटं हललं, बस्स. गाडी उधळलेल्या गोऱ्ह्यासारखी.

"पाहा," विशाल म्हणाला, "मी म्हणून राहिलो होतो न, बाबाच..."

"तू गप राहा."

मला त्या निळ्या पाइपावर संशय होता. इंजिन तापलं की असा नरम पाइप आतल्या ओढीनं चपटा होतो, स्ट्रॉ जोरात ओढली की चिकटते तसा. आत स्प्रिंग बसवली, क्लॅम्प आवळले आणि गाडी पाठवून दिली. त्याच्या आईला त्यानं कसंबसं एका खेपेपुरतं राजी केलं. दुसऱ्या दिवशी फोन वाजला, पलीकडे बाप.

"ताई, काही फरक नाही. पुलावर पुन्हा तेच झालं. ह्या वेळी नंबर नाही गेला, एवढंच. पण विशालची आई आता पक्कंच नाही म्हणून राहिली."

आता माझंही डोकं फिरलं. गाडी एक, इंजिन एक, रस्ता एक. माणूस बदलला की बिघाड येतो आणि जातो. गाडीला काय ओळख पटते? विशालला म्हटलं, उद्याच्या उद्या गाडी घेऊन ये, आणि धुतलीस तर तंगडं मोडीन. बिचारा धुळीनं माखलेली गाडी घेऊन आला. बॉनेट उघडलं तर सगळ्या इंजिनवर उमरेड रोडची धूळ, बोटानं नाव लिहावं इतकी. कोळशाचे ट्रक, रस्त्याचं खोदकाम, सगळा मसाला. आणि मधोमध तो लाल फिल्टर, आजच्या एका खेपेची धूळ सोडली तर नव्या नवरीसारखा स्वच्छ.

तिथे मी थांबले. त्या धुळीत उघडा पडलेला फिल्टर इतका स्वच्छ राहूच शकत नाही. भिंग लावून त्याच्या घड्यांमध्ये पाहिलं. पांढरे पापुद्रे अडकले होते, बारीक, करकरीत. बोटावर घेऊन ओलं केलं तर चिकट झालं.

"विशाल, तुमच्या घरी गाडीजवळ कणीक मळतात का?"

"काकू, तुमची तब्येत ठीक आहे न?"

"आईचा पुढचा दिवस कधी?"

"परवा. पण आई नाही येणार."

"तिले सांग, मी तिच्यासोबत येते म्हणा. अन् बाबांले यातलं काही विचारू नको."

पहाटेची एसटी धरून मी उमरेडला गेले, पिशवीत नळी आणि चार पाने. कोष्ट्यांची आळी. एके काळी तिथून मागांचा आवाज ऐकत जावं लागायचं, आता टीव्हीचे आवाज ऐकत गेले. विशालचे वडील दौलतराव दारातच उभे होते. उंच, वाकलेले, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. तरुणपणी त्यांनी धोतरजोड्या विणल्या, माग मोडीत निघाले तसे ड्रायव्हर झाले, पुष्कळ वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली. म्हणजे गिअर बदलता येत नाही ही पोराची बडबड होती.

आतून शांताताई आल्या. चेहरा पिवळट, पण डोळे तल्लख.

"मी येणारच नव्हती," त्या मला म्हणाल्या. "पण म्हटलं बाई गाडी दुरुस्त करते म्हणतात, पाहून तर घ्यावं. तुमच्या हाताले वास येते काय वं डिझेलचा?"

"येते न. जेवतानाही येते."

"माझ्या हाताले औषधाचा येते," त्या म्हणाल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

तेवढ्यात दौलतराव अंगणातल्या दोरीकडे गेले. दोरीवरून त्यांनी एक पांढरी वस्तू काढली, बॉनेट उघडलं आणि ती त्या लाल फिल्टरवर चढवून खालून नाडीनं बांधायला लागले. अगदी सावकाश, बाळाला कानटोपी बांधावी तसं.

"हे काय आहे जी भाऊ?"

"टोपी आहे तिची."

"कोणाची?"

"गाडीची. विशालनं तिचं नाक उघडं टाकलं न. रस्ताभर धूळ, कोळसा. सगळं पोटात जाते तिच्या. म्हणून मी नागपूरले निघालो का बांधतो, आलो का काढून धुतो. धोतराचा कपडा आहे, माझ्याच हातचा, जुना. असा गच्च कपडा आता भेटत नाही."

"विशालले माहीत आहे?"

"त्याले कायले सांगू? म्हणेन, बाबा अडाणी आहे."

"अन् ही कडक कशी काय?"

"पहिले नरम होती. आत खेचून जाये अन् चुन्या पडत. मंग मैद्याची खळ दिली. दर वेळी धुतली का देतो. आता पाहा, जागची हालत नाही." त्यांनी टोपीवर टिचकी मारली. पापडासारखा आवाज आला.

माझ्या तोंडात त्या क्षणी काय काय आलं ते दिवाळी अंकात छापता यायचं नाही. कोष्ट्याच्या हातचं गच्च कापड, त्याची उरलीसुरली भोकं मैद्यानं बुजवलेली, आणि ते इंजिनच्या नाकावर नाडीनं आवळून बांधलेलं. दोन गॅरेजवाले, पंप, टर्बो, माझी स्प्रिंग, बाप-लेकाचं भांडण. आणि या बाईनं पुलावर काढलेला तो वेळ. पण काचेतून शांताताई बघत होत्या, आणि तो माणूस इतका समाधानानं गाठ मारत होता.

"बांधा," मी म्हटलं. मी नळी जोडली आणि त्यांच्या शेजारी बसले.

गाव सुटेपर्यंत काही नाही. पुढे मोकळा रस्ता लागला, दौलतरावांनी वेग घेतला आणि रंगीत पाणी इंजिनच्या बाजूनं चढायला लागलं. वीतभर. मग हातभर. जराशी चढण आली तर ते माझ्या डोक्याच्या वर गेलं. आरशात काळा धूर.

"आलं," मागून शांताताई शांतपणे म्हणाल्या. "आता गाडी हळू होते. मंग ट्रकवाले ह्यांले शिव्या देतात, मंग हे विशालले देतात."

"भाऊ, बाजूला घ्या गाडी."

एका बाभळीच्या सावलीत थांबलो. मी त्यांना टोपी काढून आणायला सांगितली. आणली.

"आता नाकातोंडावर गच्च धरा अन् जोरात श्वास घ्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग धरली. ओढला श्वास. कापड जागचं हललं नाही. गळ्याच्या शिरा ताठल्या, डोळे मोठे झाले, आणि त्यांनी टोपी खाली घेतली. बराच वेळ ते ती अंगठा आणि बोटामध्ये घेऊन चोळत होते. कापड पारखायची ती त्यांची पद्धत, हात आपोआप करतो.

"खळ जास्त झाली," ते म्हणाले.

"खळीचं जाऊ द्या हो भाऊ. हे कापड आहे, भिंत नाही, पण तुम्ही भिंत करून टाकली. धोतरातून वारा गेला नाही तर बिघडत नाही, इंजिनात नाही गेला तर गाडी मरते. एकदा, फक्त एकदा पोराले सांगितलं असतं, नाही तर मले..."

"म्हणजे," मागून आवाज आला, "मले पुलावर तुम्हीच थांबवून राहिले होते?"

दौलतरावांनी टोपी खिशात कोंबली. स्टिअरिंगवर हात ठेवून ते समोर बघत होते.

"अन् मी त्या पोराले बोलली," शांताताई म्हणाल्या. "दोन दिवस त्याच्या हातचं पाणी नाही घेतलं."

एक ट्रक गेला, गाडी हलली. माझ्या कामात असे प्रसंग येतात, बिघाड सापडतो आणि मग तो कोणाच्या हातात द्यायचा ते कळत नाही. बिघाड नटाच्या वाटीत टाकता येतो, माणूस नाही टाकता येत.

"बसून काय राहिले?" शांताताईच म्हणाल्या. "चला न. नंबर जाईन माझा."

ज्या बाईला न्यायला दोघांनी हातापाया पडायचं, ती. दौलतरावांनी गाडी काढली. पाणी खाली उतरून तिथेच राहिलं. उड्डाणपूल कधी चढलो कळलंही नाही. दौलतराव मात्र चढण संपेपर्यंत नळीकडे बघत होते, मला दोनदा सांगावं लागलं, भाऊ, रस्त्याकडे पाहा.

शांताताईंना आत पोचवून मी पार्किंगमध्ये फिल्टर उतरवला आणि पाइपात बोट फिरवलं. बोट काळं. बारीक पीठ, कोळशाचं. म्हणजे उघडा फिल्टर धूळ आत सोडत होता, टोपी नव्हती तेव्हा तर नक्कीच. अशीच आणखी काही महिने चालली असती तर टर्बोची पाती खाल्ली असती त्या धुळीनं. बापाचं निदान बरोबर होतं, औषध चुकलं होतं. विशालला फोन केला. तो जेवणाच्या सुट्टीत गोदामातून धावत आला. मी दोघांना गाडीसमोर उभं केलं.

"एकानं नाक उघडं टाकलं, दुसऱ्यानं दाबून धरलं," मी म्हटलं. "अन् दोघंही मले म्हणता, काहीच केलं नाही जी."

दौलतरावांनी खिशातून टोपी काढून पोरापुढे धरली. "हे मी बांधत होतो."

विशालनं ती उलटीपालटी केली. "सांगाचं तर खरं, बाबा."

"तू सांगतलं होतं काय, डबा काढून राहिलो म्हणून?"

"कंपनीचा डबा कुठे आहे तो?" मी मध्ये पडले. हे दोघे सुरू झाले की थांबत नाहीत.

विशाल खाली बघायला लागला. "भंगारात टाकला जी."

"माळ्यावर आहे," दौलतराव म्हणाले. "ह्यानं टाकला, मी उचलून आणला."

दोन दिवसांनी मी तो डबा बसवला, नवीन जाळी टाकली, पंपाचं डिझेल कमी करून जागेवर आणलं. गाडी आता विशालला थोडी मंद वाटते. वाटू दे. पाणी कोणीही चालवली तरी तेवढंच हलतं, मी दोघांनाही वेगवेगळं चालवायला लावून बघितलं. टोपी दौलतरावांनी परत मागितली, मी दिली नाही. विश्वास नाही माझा.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी सकाळीच शांताताईंचा फोन आला.

"पोचलो वं आम्ही. नंबराच्या आधीच पोचलो. विशालनंही सुट्टी काढली आज, दोघंही आले."

मागे कोणीतरी तावातावानं बोलत होतं.

"कोण भांडून राहिलं?"

"हेच दोघं. येताना खिडकी उघडी ठेवाची का बंद, त्यावरून. उमरेडपासून चालू आहे."

"मग तुम्ही यायचं बंद नाही न करत आता?"

"नाही वं," त्या म्हणाल्या. "इथं निदान चार तास मले आत घेतात अन् या दोघांले बाहेर बसवतात."